चोरून आणायचं रोप

“मनीप्लांट नको, बाकीचं दाखवा,” हर्षदा म्हणाली.

नर्सरीवाल्या विनोदने हातातली कुंडी खाली ठेवली. “ताई, तुम्हीच म्हणालात ना, पाणी घालायला विसरलं तरी मरणार नाही असं काहीतरी द्या. याच्याइतकं सोपं दुसरं काय असणार?”

“विकत घेतलेलं मनीप्लांट लागत नाही. ते चोरूनच आणायचं असतं.”

“सगळ्या बायका हेच म्हणतात, म्हणून तर माझा धंदा बसलाय!” विनोद हसला. “मग कुणाच्या दारात डल्ला मारणार?”

“आहे एक दार. चिंचणीला,” एवढंच बोलून ती दुसऱ्या कुंड्यांकडे वळली.

डहाणूतलं तिचं घर तळमजल्यावर, दोन खोल्यांचं. ती आणि भावेश, दोघंही नोकरीवर. घराला दिवसभर कुलूप. ऊन येतं ते एकाच खिडकीत, तेही जेमतेम. त्या बेताने विनोदने तिला स्नेक प्लांट दिलं, स्पायडर प्लांट दिलं, आणि वर कोरफडीचं एक इवलंसं पिल्लू फुकट दिलं. त्याला कुंडी कुठली शोभणार? हर्षदाने ते कान तुटलेल्या निळ्या कपात लावलं आणि सगळा संसार खिडकीबाहेरच्या जाळीवर मांडला.

खिडकी भरली. घर काही भरलं नाही. भांडी भावेशने घेतलेली, पडदे तिने घेतलेले. माहेरचं म्हणावं असा घरात एक चमचासुद्धा नव्हता.

असणार कसा? भावेशशी लग्न करते म्हटल्यावर आईने, जमनाबाईने, तिला पडवीतूनच वाटेला लावलं होतं. “या घरातलं पानसुद्धा न्यायचं नाही. आणि तुझ्या दारचं पाणीसुद्धा मी पिणार नाही,” असं म्हणाली होती. जमनाबाई एकदा बोलली की बोलली. तेव्हापासून लेकीचा फोन वाजला की ती तो नुसता वाजू द्यायची.

चिंचणीच्या त्या पडवीतल्या खांबावर मनीप्लांट होतं. हर्षदा शाळेत असताना दोघींनी मिळून ते एका लग्नघरातून चोरलं होतं. लेकीने फांदी मोडली, आईने ती पदराआड लपवली, आणि ही बाई पुढे अर्धा तास विहीणबाईंशी मसाल्याच्या गप्पा मारत उभी! हर्षदाची हसून हसून पुरेवाट झाली होती. तिला हवं होतं ते हे मनीप्लांट, दुसरं कुठलंच नाही. पण आईने तिथे पकडलं तर? पुन्हा त्याच पडवीतून हाकललं तर? या धास्तीने तिचं जाणं लांबतच गेलं.

इकडे भलतंच सुरू झालं. आधी स्नेक प्लांटचं एक पट्ट्यापट्ट्यांचं पान गेलं, बुडापासून सुरीने कापल्यासारखं. मग स्पायडर प्लांटची लोंबती पोरं गेली. आणि एका संध्याकाळी ती कामावरून येते तर काय, निळा कप कोरफडीसकट गायब!

हर्षदा तडक वरच्या मजल्यावर गेली. तिथल्या कविताची खिडकी झाडांनी नुसती ओसंडून वाहायची.

“कविता, माझा कप दिसला का गं कुठे?”

“माझ्या खिडकीकडे बघून काय विचारतेस? मी नाही हं घेतला,” कविता फणकारली. “आज बाजाराचा दिवस, इथून सगळं गाव जातं. कुणी उचलला असेल, मला काय ठाऊक?”

“चोराच्या उलट्या बोंबा,” खाली आल्यावर हर्षदा धुसफुसली.

भावेशला मात्र मजा वाटली. “चोरलेलं लागतं ना? मग लागू दे बिचारीला. तू पण जा आणि आण एकदाची ती फांदी. किती दिवस झुरशील?”

“आई बघेल.”

“बाजाराच्या दिवशी जा. त्या दिवशी त्या घरी नसतात, तूच सांगितलंस.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी हर्षदाने रजा टाकली. पर्समध्ये कात्री घेतली आणि चिंचणीची रिक्षा पकडली. स्वतःच्याच आईच्या घरी चोरी करायला निघालो आपण, या विचाराने तिला हसू आलं.

दाराला कुलूप होतं. फाटकाची कडी अजून तशीच, वर उचलून ढकलावी लागणारी. कुत्रा भुंकायच्या ऐवजी शेपटी हलवत पायाशी आला. पडवीतल्या दोरीवर आईचं पातळ वाळत होतं. हर्षदाने ते नाकाशी धरलं, आणि मग मात्र तिला रडू आवरेना. आई हवी होती तिला. मनीप्लांटचं नुसतं निमित्त होतं.

डोळे पुसून तिने कात्री काढली. मनीप्लांट वाशांपर्यंत चढलं होतं. समोरची फांदी कापली तर आईच्या लगेच लक्षात येईल, म्हणून ती खांबाला वळसा घालून अंगणाच्या बाजूला गेली. तिथे ऊन चांगलं येतं. आई तुळस तिथेच ठेवायची.

हर्षदाचा कात्रीचा हात तसाच राहिला.

डालड्याच्या जुन्या डब्यात एक उंच, पट्ट्यापट्ट्यांचं पान मुळं धरून उभं होतं. त्याच्या बाजूला स्पायडर प्लांटची पोरं ओल्या मातीत नीट दाबून लावलेली होती. आणि तुळशीला अगदी खेटून, कान तुटलेल्या निळ्या कपात, कोरफडीचं पिल्लू छान बाळसं धरून बसलं होतं.