पायवाटेचे लाभार्थी

घाटंजीकडच्या जंगलातली पायवाट आणि तिच्या टोकाला असलेला बाकड्यांचा निवारा, यांवर वनरक्षक बेबीताईंचा भारी जीव. पण वर्षभरात तिकडं एकही पर्यटक फिरकला नाही आणि वरून पत्र आलं: 'निवाऱ्याचा वापर होत नसेल तर देखभालीचा निधी बंद. कोण कोण येते, ते सोबतच्या फॉर्मात भरून कळवावे.' बेबीताईंच्या तोंडचं पाणीच पळालं.

"ताई, कायले घाबरून राह्यल्या?" जोडीचा वनमजूर कपिल म्हणाला. "झाडाले बांधलेल्या कॅमेऱ्यातले फोटो तं पाहा."

फोटोंत रोज संध्याकाळी एक अस्वलीण दोन पिल्लांना घेऊन बाकड्यावर ऐसपैस बसलेली होती.

"अरे, पण हे लिहू कसं? अन् खोटं तं मी लिहिणार नाही."

"खोटं कायले? माणूस का जनावर, असं फॉर्मात विचारलंच कुठं हाय?"

बेबीताईंनी देवाचं नाव घेतलं आणि लिहिलं, 'एक आई आणि तिची दोन लेकरं. रोज येतात. आजवर तक्रार नाही.'

पंधरा दिवसांत उत्तर आलं. निधी दुप्पट झाला होता आणि लेकरांसाठी घसरगुंडीही मंजूर झाली होती. बेबीताईंनी आनंदानं सगळ्या ऑफिसात पेढे वाटले आणि मग निवांत बसून पत्राची शेवटची ओळ वाचली.



'उद्घाटन त्या माउलीच्याच हस्ते करावे. तिला शाल-श्रीफळ द्यायला साहेब स्वतः येत आहेत.'