पाहुण्याचं पाणी

गेल्या वर्षी सरकारी पाहणीसाठी बोल्गाटांगा शहरातून खेड्यात आलेल्या अवुनीनं लामिसीचं पाणी घेतलंच नव्हतं. “यासाठी तुम्ही तीन तास चालता, मावशी. मला नाही गिळवणार,” म्हणाला, नि ते तीन तास कागदावर लिहून निघून गेला. पाहुण्यानं बाजरीचं पीठ कालवलेलं पाणी नाकारायचं म्हणजे घराचा अपमान. लामिसीनं तो वर्षभर मनात ठेवला.

यंदा तिनं काठोकाठ भरलेला भोपळ्याचा तुंबा त्याच्या हातात दिला. “आधी हे संपव. नाहीतर एकाही प्रश्नाचं उत्तर मिळायचं नाही.”

त्यानं निमूट तुंबा रिकामा केला नि वही उघडली. “मावशी, पाणी आणायला किती वेळ लागतो?”

“आणखी आणते. तूच मोज.”

घरामागे नवा हापसा खडखडला. अवुनीनं पेनाचं टोपण काढेपर्यंत तुंबा भरून परत आला होता.