एका पाठीची दोन उत्तरं

“मस्त आहे डॉक्टर, काही दुखत नाही,” खाटेवर उशांना टेकून बसलेले तारळेकर अण्णा म्हणाले.

डॉ. शर्वरींना नवल वाटलं. हल्ली त्यांच्या कॅन्सरच्या दवाखान्यातही अण्णांचं हेच उत्तर असायचं. पण अखेरच्या आजारात वेदना कमी करायला घरी येणाऱ्या हॉस्पिसच्या सिस्टर फोनवर सांगायच्या, ‘पाठीतल्या कळांनी जीव नकोसा झालाय त्यांना.’ पाठ एक, मग उत्तरं दोन कशी? औषध वाढवायचं ते कुणाचं ऐकून? हे कोडं सोडवायलाच त्या आज सिस्टरांबरोबर घरी आल्या होत्या.

“अण्णा, सिस्टरांना एक सांगता नि मला दुसरं. का?”

अण्णा ओशाळले. “सिस्टर ऐकतात आणि लगेच औषध मोजायला घेतात. तुम्ही ऐकलंत, की मला बरं करता आलं नाही म्हणून तुमचा चेहरा पडतो. जन्मभर स्टुडिओत लोकांचे फोटो काढलेत मी. चेहरा कळतो मला.”

सिस्टर गालातल्या गालात हसल्या. शर्वरींनी स्टूल खाटेजवळ ओढलं. “आता सांगा. खरं सांगा.”

अण्णांनी एक डोळा बारीक करून त्यांच्याकडे पाहिलं.

“हनुवटी जरा वर. हं... खांदे सैल सोडा. आता सांगतो.”