पाचवा पेला

दिनांक ६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार, सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. निमगाव केतकीतल्या घरात, स्वयंपाकाच्या ओट्यावर स्टीलचे पाच पेले ओळीने मांडलेले होते. प्रत्येक पेल्यावर चिकटवलेल्या कागदावर एक आकडा, आणि आत कोमट पाण्यात कालवलेली पंधरा ग्रॅम प्रोटीन पावडर, काट्यावर तोलून घेतलेली.

मानसिंगरावांनी बारामती एमआयडीसीत, दूध पावडरच्या कारखान्यात, एकतीस वर्षे चव तपासण्याचे काम केले होते. आज तपासायची होती ती त्यांच्या पत्नीची, सरुबाईंची आवड. सोमवारी त्यांची तिसरी केमो होती आणि वजन अडतीस किलोच्या खाली असेल तर ती देता येणार नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. आज सकाळी काट्यावर छत्तीस किलो नऊशे ग्रॅम भरले होते. भाकरीचा घास घशाखाली उतरत नव्हता. तेव्हा जी पावडर चवीला आवडेल आणि पोटाला मानवेल ती द्या, एवढाच डॉक्टरांचा सल्ला होता.

जानेवारीत अशाच चाचणीतून सरुबाईंनी चॉकलेटची पावडर निवडली होती. गोड लागती, पोटालाबी बरी हाय, असे त्या म्हणाल्या आणि मानसिंगरावांनी तिचे दोन डबे आणून ठेवले. शेजारच्या भागूबाईने थट्टा केली की तालमीतल्या पोरांचा खुराक चाललाय, सरू आता जत्रेतल्या फडात उतरणार. सरुबाई पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. रोज दोन पेले न चुकता संपत होते. तरीही महिन्याभरात वजन दीड किलोने उतरले. कुठेतरी मोजमाप चुकत होते.

म्हणून आज त्यांनी कारखान्यातली एक जुनी युक्ती योजली होती. पेले पाच, पण पावडरी चारच. दुसऱ्या आणि पाचव्या पेल्यात एकच पावडर होती, वाटाण्याची, दुधाचा अंशही नसलेली. जिभेची साक्ष खरी असेल तर दोन्हींना सारखाच कौल मिळायला हवा.

नवऱ्याच्या आधी पेल्याला तोंड लावणे सरुबाईंना जमत नसे. कारखान्यातही पहिला घोट वरिष्ठाचाच असे. त्यामुळे मानसिंगराव प्रत्येक पेल्यातले चमचाभर आधी स्वतः घेत आणि मग पेला त्यांच्या हाती देत. ही रीत दोघांनाही कधी खटकली नव्हती.

पहिला पेला बरा ठरला. दुसऱ्याला सरुबाईंनी मान हलवली. ह्याला कसलातरी वास येतोय, नको म्हणाल्या. तिसरा आणि चौथा चालण्यासारखे होते. पाचव्याचे दोन घोट घेऊन त्यांनी पेला ठामपणे खाली ठेवला.

"ह्यो झकास हाय. ह्योच आणा."

मानसिंगरावांनी हातातली पेन्सिल वहीवर आडवी ठेवली. दुसरा आणि पाचवा पेला एकच असल्याचे त्यांनी शांतपणे सांगितले. सरुबाईंनी डोक्याला बांधलेला रुमाल दोन्ही हातांनी सारखा केला.

"दुसऱ्याला तुमी नाक मुरडलं," त्या म्हणाल्या. "पाचव्याला हसला."

हसले होते खरे. आपलीच युक्ती आठवून.

"आन् तुला काय लागलं?"

"मला कुठं काय लागतंय? पहिल्या केमोपास्नं तोंडाला चवच न्हाय. मीठ न्हाय, साखर न्हाय. समदं नुसतं कोमट पाणी."

मग हळूहळू बाकीचेही बाहेर आले. चॉकलेटची पावडर चाखताना मानसिंगरावांनी मान डोलावली होती, म्हणून ती गोड. त्या पावडरीने पोटात कळा येत. ते अंघोळीला गेले की सरुबाई परसात जाऊन ओकत आणि वर तांब्याभर पाणी ओतून येत.

"सांगायचं न्हाय व्हय?"

"दोन डबं आणलेलं तुमी. आन् पेला संपला की वहीत बरोबरची खूण करायचा, तवा तुमचं तोंड बघून मला बरं वाटायचं."

आमच्या दोघांची आवड एक आहे, हे मानसिंगराव लग्नाकार्यात अभिमानाने सांगत आले होते. लुगड्याचा रंग, कालवणातले तिखट, धाकट्या लेकीचे नाव. एकेचाळीस वर्षांत कशावरून म्हणून मतभेद झाला नव्हता.

त्यांनी पहिल्या चार पेल्यांतले उरलेले मोरीत ओतले. पाचवा सरुबाईंच्या हाती दिला, स्टूल फिरवले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

"आता पी. मी बघत न्हाय. कसं वाटतंय ते तुझं तू सांग."

मागे काहीच हालचाल झाली नाही. रस्त्यावरून इंदापूरची एसटी गेली, तिचा आवाज विरला, तरी पेला ओट्यावर टेकल्याचा आवाज आला नाही.

"अवं," सरुबाई शेवटी म्हणाल्या, "तिकडं तोंड केल्यावर मला कसं कळायचं?"

वाटाण्याची पावडर पोटात टिकली. त्या दिवसापासून तीच चालू केली. रोज तीन पेले, चार दिवस. सोमवारी, १० फेब्रुवारीला, सकाळी दहा वाजता बारामतीच्या दवाखान्यात परिचारिकेने सरुबाईंना चपला काढून काट्यावर उभे केले आणि आकडा कागदावर लिहून घेतला. केमो पुढे ढकलली गेली.

लागणारे वजन अडतीस किलो. भरले सदतीस किलो दोनशे ग्रॅम.