हिरव्या दिव्याकडे जाणारी वाट

"ही रांगोळी कोणाची?" हितेंद्र इंजिनिअरने कागद दोन बोटांत असा धरला, जणू मेलेली पालच.

"रांगोळी नाही, तुमचा प्रोग्राम आहे," मोनाली म्हणाली. "खोलीच्या कंट्रोल पॅनेलच्या कप्प्यात त्याची प्रिंट होती. मी शाळेच्या कॉम्प्युटरवर टाकली. तपासणीचं सॉफ्टवेअर प्रोग्राम न चालवताच त्याच्या सगळ्या वाटा काढून दाखवतं. एक काम म्हणजे एक चौकोन. त्याच्यानंतर काय, तो बाण."

नशिराबादजवळच्या त्या गोदामात केळी पिकवायच्या खोलीत गॅस भरत होता. दारावर लाल दिवा. आधी गॅस सोडायचा, मग पंख्याने तो बाहेर फेकायचा, मग हिरवा दिवा लागणार, आणि मग बेबाबाईने आत जाऊन केळ्यांची कॅरेटं काढायची. परवा हिरवा दिवा बघूनच ती आत गेली आणि तिसरं कॅरेट उचलताना कोसळली. मोनालीची आई ती.

"उपास होता तिला," हितेंद्र म्हणाला. "आणि काय हो नवलभाऊ, आता दहावीतल्या पोरी माझा प्रोग्राम तपासणार? दोन वर्षं बिनघोर चालतोय!"

मालक नवलभाऊंनी घड्याळ पाहिलं. बाहेर ट्रक खोळंबला होता. ते दाराशी उभ्या बेबाबाईकडे वळले. "बेबाबाई, काम करायचं तर दिवा लागला की आत जायचं. नाहीतर मी दुसरी बाई बघतो."

मोनालीची कानशिलं तापली, पण आवाज खणखणीत निघाला. तिने कागदावर बोट ठेवलं. "हिरव्या दिव्याकडे दोन बाण येतात. एक पंख्याच्या चौकोनातून. दुसरा थेट. गॅस सुरू असताना लाईट जाऊन परत आली, की प्रोग्राम या थेट वाटेने जातो. पंखा राहतो बाजूलाच."

"त्या वाटेने कधी काही जात नाही, बाळ," हितेंद्र म्हणाला.

"परवा लाईट गेली होती."

"कागदावर काय, काहीही निघतं! घरी जा, अभ्यास कर."

मोनाली घरी गेली नाही. दोन ढांगांत पॅनेलपाशी पोचली आणि तिने मेन स्विच खाली ओढला.

"ए पोरी!"

तिने मोठ्याने दहा आकडे मोजले. स्विच वर केला.

पॅनेल टिकटिकलं. सगळे पंख्याचा आवाज ऐकायला थांबले. पंखा हललाच नाही. दारावर मात्र, अगदी शहाण्यासारखा, हिरवा दिवा लागला.

हितेंद्रने एक पाऊल मागे घेतलं. नवलभाऊंनीही.

बेबाबाईने पदर कमरेला खोचला. एक रिकामं कॅरेट उचललं आणि सरळ हितेंद्रच्या छातीला टेकवलं. रागावली की तिच्या तोंडी माहेरची अहिराणी येई.

"जा ना भाऊ मझार," खोलीच्या आत बोट दाखवत ती म्हणाली. "हिरवा लागना शे."