गोजाबाईचं भांडं

"आमाला नगं," हिंदुराव म्हणाला. हेल्गाच्या हातातल्या दूध-भुकटीच्या डब्याकडं त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

ही तिची चौथी खेप. नॉर्वेहून कुरुळीच्या दूधवाटप केंद्रात स्वयंसेविका म्हणून येण्याआधी तिनं पुण्यात तीन महिने मराठी बोलण्याचे धडे घेतले होते; अक्षरओळख तेवढी राहून गेली होती. "आपण बाळास दूध पाजावे," हे वाक्य तर तोंडपाठ. पण त्या पुस्तकी मराठीला इथं कोण विचारतो! ती बोलायला लागली की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या, आणि त्या बोलायला लागल्या की हिला दहातले दोन शब्द कळायचे.

दारात हिंदुरावाचा ज्योतीराम बसला होता. बसला कसला, खांबाला टेकवून ठेवला होता. वर्ष उलटून गेलेलं पोर, हातापायांच्या काड्या, रडायचंही त्राण नाही.

"फुकट आहे," हेल्गा म्हणाली.

"म्हनूनच नगं. उद्या गाव म्हनंल, हिंदुरावाचं पोर धर्माच्या पिठावर वाढलं. पिंपरीला कारखान्याचं बांधकाम चाललंय, तितं राबतो मी. भीक मागतो व्हय?"

हेल्गा तणतणत घरी आली. दुधाच्या भुकटीचे डबे खोलीत आढ्यापर्यंत रचलेले, आणि ज्याला गरज त्याच्या बापाला अब्रू प्यारी! तिला रडूच आलं.

त्यात शेजारच्या गोजाबाईची भर. पहिल्याच आठवड्यात म्हातारीनं वाटीभर हुलग्याचं कालवण आणून दिलं होतं. हेल्गानं वाटी घासूनपुसून लख्ख केली आणि परत दिली. गोजाबाईचं तोंड एवढंसं झालं. शेवटी शाळेतल्या सुमनताईंनी समजावलं.

"अहो, भांडं रिकामं परत करत नाहीत. काहीतरी घालून द्यायचं. म्हणजे ते शेजारपण होतं. मग कुणाचे कुणावर उपकार नाहीत."

पुढच्या वेळी हेल्गानं वाटीत साखर घातली.

"साखर नगं बाय. ते पांढरं पीठ घाल की," गोजाबाई म्हणाली. पाणी किती उकळायचं, चमचे किती घालायचे, तेही तिनं दोनदा विचारून घेतलं.

झालं! दर दोन दिवसांनी भांडं हजर. वाटीचा वाडगा झाला, वाडग्याचं पातेलं झालं. येताना तळाशी चिमूटभर भाजी, जाताना काठोकाठ भुकटी. काठावर ठिपक्यांची नक्षी असलेली ती पितळी भांडी दिसली की हेल्गाचं डोकं फिरायचं. एकट्या म्हातारीला एवढं दूध लागतं कशाला? पण भांडायला मराठी कुठून आणायची? चडफडत ती भांडं भरून द्यायची.

दोन महिने गेले. हिंदुरावाचं दार बंदच. मग एके दिवशी तो रस्त्यात भेटला. खांद्यावर ज्योतीराम, बापाचे केस ओढत खिदळत होता. गाल चांगले भरलेले. हेल्गा थबकलीच.

"हे कसे झाले?"

"भैरोबाचा अंगारा," हिंदुराव छातीठोकपणे म्हणाला आणि चालू लागला.

अंगारा! हेल्गाच्या अंगाचा तिळपापड झाला. पोर हसतंय याचा आनंद होताच. पण मग आपण सातासमुद्रापलीकडून इथं आलो कशाला? त्या दिवशी ती जेवली नाही.

महिनाअखेरीस केंद्र महाळुंग्याला हलणार होतं. निघायच्या सकाळी गोजाबाई झाकणाचा मोठा पितळी डबा घेऊन आली. आत दोन भाकऱ्या आणि ठेचा.

"ह्यो भरून दे बाय. आता तू चाललीस."

"पुरे!" हेल्गा ओरडली. "हे लहान मुलांचे आहे. तुमचे नाही!"

गोजाबाई उंबऱ्याशी खाली मान घालून बसून राहिली.

हेल्गानं भाकऱ्या काढून घेतल्या, डबा घासला. रिकामाच द्यायचा. शेजारपण गेलं खड्ड्यात! डबा घेऊन ती दाराशी आली, तशी झाकणावरची नक्षी उन्हात चमकली. महिनाभर ती सुमनताईंच्या पहिलीच्या पोरांबरोबर पाटीवर अक्षरं गिरवत होती. त्यातलं एक अक्षर तिला त्या ठिपक्यांत दिसलं. ती थांबली. मग शेजारचंही ओळखू आलं.

तिनं झाकणावर बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं.

"हिं... दु... रा... व."