पाखरांची वाटी

आजारातून उठल्यापासून सासऱ्यांनी जेवणाशी कट्टीच घेतली होती. ताट पुढे केलं की म्हणायचे, "भूक नाही. उगाच आग्रह करू नकोस." सून विनवून विनवून थकली. शेवटी एके सकाळी तिने शेंगदाणे भाजून कुटले, त्यात तूप-गूळ घालून छोटे गोळे वळले आणि वाटी परसातल्या ओट्यावर नेऊन ठेवली. "बाबा, हे पाखरांसाठी आहे बरं का. तुम्ही हात लावू नका."

रेल्वेत जन्मभर फुकट्या प्रवाशांना पकडत आलेले सासरे वाटीशेजारी खुर्ची टाकून राखणीला बसले. दुपारी वाटी लख्ख.

"आज पाखरं फार आली होती," मिशी पुसत ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिने खजूर घातला, मग बदाम. नवरा चक्रावला. "अगं, चिमण्यांना कुणी बदाम घालतं का?"

"चिमण्यांची बाजरी मी पुढच्या अंगणात टाकते," ती हळूच म्हणाली. "हे पाखरू आजारातून उठलंय."

हळूहळू सासऱ्यांच्या गालांवर तकाकी आली. एक दिवस रिकामी वाटी घेऊन ते स्वतःच स्वयंपाकघरात आले आणि दारात उभं राहून घसा खाकरला.

"सूनबाई, गोड खाऊन खाऊन पाखरं कंटाळलीत गं. उद्यापासून ताटात वाढलंस तरी चालेल म्हणतात. फक्त जरा गरम असू दे."